कपाटातला वारा

१

आमचं गाद्या आणि सोफ्याच्या कव्हरांचं दुकान आहे. पुढे दुकान, मध्ये घर आणि मागे बिनखिडकीची एक खोली. दुकानाच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राला खेटून, माझा कॉम्प्युटर आहे. माझा म्हणजे तो मी वापरतो एवढंच. त्याच्या पडद्यावर आई टेप अडकवते, ताई त्याच्या डोक्यावर टाचण्यांची उशी ठेवते आणि दाजींना बसायला कुठे जागा मिळाली नाही की ते माझ्या खुर्चीत बसतात.

शाळा मी लवकर सोडली. गादी भरताना बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडतं. लोकांशी बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणायचं असलं तरी मी ते आधी मनातल्या मनात म्हणून बघतो.

दुपारी जेवणं झाली की दुकान अर्धं बंद असतं. तेव्हा मी कानाला हेडफोन लावून विमानांच्या खेळात जातो. हा खेळ एकट्याचा नाही. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून एकाच आकाशात विमानं उडवतात आणि एकमेकांशी बोलतात. मला उडवायचं फारसं जमत नाही. मी टॉवरमध्ये बसतो. येणाऱ्या विमानाला वारा सांगायचा आणि उतरायची परवानगी द्यायची. ठरलेली वाक्यं असतात, त्यामुळे जीभ चिकटत नाही.

या खेळाची गंमत म्हणजे त्यातलं हवामान खरं असतं. बाहेर खरोखर पाऊस पडत असेल तर खेळातही पडतो. छोट्या गावांचं हवामान कळावं म्हणून लोक आपल्या गच्चीवर एक यंत्र लावतात. फिरणाऱ्या तीन वाट्या, एक बाण आणि एक डबी. वाट्यांवरून वाऱ्याचा वेग कळतो, बाणावरून दिशा, आणि डबी ते सगळं खेळाकडे पाठवते. आमच्या गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, तिच्यावर बकऱ्या चरतात. खेळात मात्र ती एकदम झकास आहे. तिच्यासाठी मी यंत्र मागवलं.

लावायचं काम दाजींकडे आलं. दाजी वायरिंगची कामं करतात आणि त्यांना मध्ये बोललेलं चालत नाही. त्यांनी यंत्रासोबत आलेला कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, यंत्र नाजूक आहे, काळजीपूर्वक हाताळावे.

"आणि तू हे गच्चीवर लावणार?" दाजी म्हणाले. "उन्हापावसात? वाऱ्यात?"

"दाजी, ते वाऱ्यासाठीच..."

"वेडा आहेस का?"

मी काम आटपून परत आलो तेव्हा यंत्र मागच्या खोलीत, पंख्याच्या रिकाम्या हुकाला लटकत होतं. वायर भिंतीतून नेऊन वर सिमेंट लिंपून झालं होतं. आई म्हणाली, "जावईबापूंच्या हाताला सफाई आहे हो."

मी जाऊन डबी खेळाला जोडली.

२

तेव्हापासून आमच्या धावपट्टीवर कायम खोलीतलं हवामान असतं. चारी बाजूंना वादळ असो, आमच्याकडे वारा शून्य. सुरुवातीला सगळे पोट धरून हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की नवशिक्यांना उतरायला शिकवायचं तर याहून चांगली जागा नाही. आमच्या गटाचे प्रमुख मास्तर, म्हणजे एक निवृत्त चित्रकला शिक्षक, यांनी धावपट्टीचं नाव ठेवलं कपाट. मग मलाही सगळे कपाटच म्हणायला लागले. मला राग आला नाही. मला नुसतं 'अरे' सोडून दुसरं काही म्हणणारे ते पहिलेच लोक होते.

तिथे पतंग यायची. हे तिचं खेळातलं नाव. ती शेजारच्या गावात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, असं ती मास्तरांना सांगत होती तेव्हा मी ऐकलं. ती शिकाऊ होती, पुन्हा पुन्हा उतरायची आणि पुन्हा पुन्हा उडायची.

"कपाट टॉवर, पतंग बोलतेय. उतरू का?"

"पतंग, वारा शांत. उतर."

इतकंच आमचं बोलणं. मला तिला एकच गोष्ट विचारायची होती, की खेळाबाहेर आपण भेटू या का. वाक्य तयार होतं. उशा भरताना मी ते रोज म्हणायचो. पण माझ्या मागे आई बटणं लावत बसलेली असायची.

"पुन्हा तीच का रे? मघाशी उतरवली होतीस ना?"

"आई, ती परत उडाली."

"मग घरी कधी जाते ती?"

"परवानगी देतोय म्हणे," दाजी खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणायचे. "स्वतः दुकानाचं शटर आईला विचारून उघडतो."

"आवाज चांगला आहे हं पण तिचा," असं ताई म्हणायची. ताईला तिचा आवाज कसा ऐकू येत होता कोण जाणे. हेडफोन तर माझ्या कानात असायचे.

शेवटी आईनेच तोडगा काढला. मागची खोली रिकामी करून मला द्यायची. "मोठा झाला आता. किती दिवस कोपऱ्यात कुजबुजणार?" कोपऱ्यात ताईचं दुसरं शिवणयंत्र येणार होतं.

माझी खोली! दाराला आतून कडी. त्या दिवशी मी एका उशीत दोन उशांचा कापूस भरला. खोलीत गेल्यावर मी तिला विचारणार होतो. कुणी ऐकणार नव्हतं.

३

त्याच आठवड्यातली गोष्ट. पतंग उतरायला आली होती.

"पतंग, वारा शांत. उतर."

"शांत कुठे? मोजा हलतोय की."

धावपट्टीच्या कडेला खांबावर नारिंगी कापडाची लांब पिशवी असते. वारा शिरला की ती भरते. तिला आम्ही मोजा म्हणतो. कपाटाचा मोजा कायम खाली लोंबकळलेला असायचा. मी पडद्यावर पाहिलं. मोजा सावकाश भरला, अर्धवट आडवा झाला आणि खाली पडला. मग उलट्या बाजूने भरला. पुन्हा पडला. पुन्हा पहिल्या बाजूने.

"अरे, तुझं कपाट घोरतंय," मास्तर म्हणाले. तेव्हा आकाशात होते नव्हते ते सगळे बघायला आले. सगळ्यांना दिसत होतं. खेळातलं हवामान सगळ्यांना सारखंच दिसतं. मला हेच नको होतं. फक्त मला दिसलं असतं तर मी चष्मा लावला असता.

मी मोज्याकडे बघत राहिलो. भरणं, थांबणं, पडणं. थोड्या वेळाने लक्षात आलं, की माझा श्वास त्याच्याबरोबर चाललाय. मी घाबरून श्वास रोखला. मोजा थांबला नाही.

मागच्या खोलीला खिडकी नाही. दाराखाली फट नाही, कारण कापसाची धूळ घरात येऊ नये म्हणून दाजींनी तिथे फोमची पट्टी ठोकली होती. मी दाजींना विचारलं.

"उंदीर," दाजी म्हणाले.

"उंदीर फुंकर मारतो का?"

"मोठा असेल."

"आणि मग परत ओढून घेतो?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या वायरिंगलाच नावं ठेवली. "मग यंत्र खराब असेल. गच्चीवर लावलं असतंस तर केव्हाच गेलं असतं."

हे मला पटलं. म्हणजे पटवून घेतलं. यंत्र बिघडलं तर वाटेल ते आकडे पाठवतं, हे खरंच आहे. पण बिघडलेलं यंत्र कसंही वागतं. हे एका लयीत वागत होतं. जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं.

४

रविवारी दुपारी घरातले सगळे झोपले होते. ताईचं यंत्र दुसऱ्या दिवशी येणार होतं, म्हणजे मला खोलीत जायलाच लागणार होतं. मी ठरवलं की जाऊन बघायचं. माझे हेडफोन बिनतारी आहेत, मागच्या खोलीपर्यंत चालतात. पतंग नुकतीच उतरून धावपट्टीवर उभी होती. मी सगळं धैर्य एकवटलं.

"पतंग, एक काम होतं."

"बोल ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात जरा आश्चर्य होतं. ठरलेल्या वाक्यांबाहेरचं हे माझं पहिलं वाक्य होतं.

"मी यंत्र बघायला खोलीत जातोय. मोजा काय करतोय ते सांगशील?"

"सांगते की. धावते समालोचन करते."

मी मधल्या घरातून गेलो. आई एका कुशीवर झोपली होती, दाजी पालथे. मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो.

"भरतोय," पतंग म्हणाली. "पडला. आता उलटा भरतोय. पडला. मस्त झोप लागलीय तुझ्या कपाटाला."

मी बाहेरची कडी काढली. कडी वाजली.

"थांबला," ती म्हणाली.

"कोण?"

"मोजा रे. मध्येच थांबला. अर्धा भरलेलाच आहे, पण हलत नाहीये. असं कसं होईल?"

मी दार उघडलं आणि दिवा लावला. खोलीत काही नव्हतं. म्हणजे जे असायला हवं तेवढंच होतं. समोरच्या भिंतीला टेकून जुन्या गाद्यांची थप्पी, लोकांनी नव्याने भरायला दिलेल्या आणि परत न नेलेल्या. एका बाजूला फोमचे तुकडे. मधोमध हुकाला लटकलेलं यंत्र. गाद्यांच्या खोलीत आवाज मरतो. माझी चप्पल वाजत नव्हती. वरच्या गादीला निळे पट्टे होते आणि तिच्यात खळगा पडला होता, एका कुशीवर झोपणाऱ्या माणसाचा. जुन्या गाद्यांना खळगे असतातच. मी रोज तसले खळगे उसवतो.

यंत्राच्या वाट्या फिरत नव्हत्या. मला बरं वाटलं. मी हळूच डावीकडे सरकलो, दाजींनी सिमेंट कुठे लिंपलंय ते बघायला.

"आता सुरू झाला," पतंग म्हणाली. "पण घोरणं नाही. बारीक बारीक. एकाच बाजूने. आणि मोजा वळतोय."

"कुठे वळतोय?"

"हळूहळू गोल. तू काही करतोयस का?"

मी थांबलो.

"थांबला," ती म्हणाली.

मी उजवीकडे दोन पावलं टाकली.

"उलटा वळला. काय मजा आहे! परत कर."

मी वर पाहिलं. वाट्या थरथरत होत्या, फिरत होत्या, पुन्हा थरथरत होत्या. आणि बाणाचं टोक माझ्याकडे होतं. वारा जिकडून येतो तिकडे बाणाचं टोक असतं. म्हणजे वारा माझ्याकडून निघून पलीकडे, थप्पीकडे जात होता. मी तर श्वाससुद्धा घेत नव्हतो. थोडा थोडा वारा, तुटक तुटक, माझ्या अंगावरून ओढला जात होता. असा वारा मी कुठे पाहिलाय, ते मला आठवलं. गिऱ्हाइकाने जुनी उशी आणली की आई ती नाकाजवळ नेऊन अशीच हुंगते.

सकाळपासून दिवाणाचं काम चालू होतं म्हणून मी अंघोळ केली नव्हती. खरं सांगतो, त्या क्षणी भीतीच्या आधी मला त्याचीच लाज वाटली.

मी पाठ न फिरवता दारापर्यंत आलो. दिव्याच्या बटणाकडे हात नेताना क्षणभर नजर हटली. पुन्हा पाहिलं तेव्हा निळ्या पट्ट्यांची गादी सपाट होती. नवी भरल्यासारखी.

"आता पूर्ण पडला," पतंग म्हणाली. "वारा शून्य. दुरुस्त केलंस वाटतं?"

५

मी आईला म्हटलं, मला खोली नको.

"का?"

काय सांगणार? आई, तिथे कुणीतरी पडलेलं होतं, आता उठलंय?

"हवा नाही तिथे."

"परवा तर वारा सुटलाय म्हणत होतास."

"घाबरला," दाजी म्हणाले. "उंदराला घाबरला."

"मी यंत्र तरी काढून देतो," दाजींनी नंतर आपणहून सांगितलं. त्यांचा स्वभाव वाईट नाही. "सिमेंट फोडावं लागेल. फोडू?"

मी विचार केला. यंत्र काढलं तर ते तिथे आहे की नाही, जवळ आहे की लांब, जागं आहे की झोपलंय, हे मला कळणारच नाही. मी दाजींना नको म्हणालो. दाजींना वाटलं, मला त्यांच्या कामाची कदर आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताईचं यंत्र आलं. टेम्पोवाल्याने जाताना जुन्या गाद्या नेल्या. निळ्या पट्ट्यांची गादी उचलताना तो म्हणाला, "ही तर एकदम हलकी आहे," आणि ती एका हाताने टेम्पोत टाकली. खोली झाडली, पुसली. मी माझ्या हाताने नव्या फोमची गादी केली. तिच्यावर कुणी कधी झोपलेलं नव्हतं, एवढी खात्री होती. कॉम्प्युटर तिथे गेला. आईने दारात उभं राहून सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आता बोल हवं तेवढं."

मी दार लावलं. कडी घातली. पुन्हा काढली. मग विचार करून घातली.

६

दुपारची वेळ होती. पुढे दुकानात ताईचं नवं शिवणयंत्र चालू होतं, पण आत ते कुठेतरी लांब चालल्यासारखं वाटत होतं. मी गादीच्या कडेला बसून पडद्याकडे बघत होतो. मोजा लोंबकळत होता. सकाळपासून तो हलला नव्हता. गाद्या गेल्या, त्यांच्याबरोबर जे काय होतं तेही गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. टेम्पोवाल्याची थोडी काळजी वाटली.

"कपाट टॉवर, पतंग बोलतेय. उतरू का?"

"पतंग, वारा शांत. उतर."

ती फार छान उतरली. चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. विमान कडेला घेऊन ती थांबली. "आज तुझा आवाज वेगळा येतोय," ती म्हणाली. "मागे शिवणयंत्र नाही. बटणं लावता लावता कुणी बोलत नाही."

"तुला ते ऐकू यायचं?"

"सगळं. तुझी आई विचारायची ना, मी घरी कधी जाते."

माझे कान तापले. पण जीभ मोकळी होती. दार बंद होतं. मी वाक्य सुरू केलं.

"पतंग, तुला एक विचारायचं होतं. बरेच दिवस."

"एक मिनिट," ती म्हणाली. "मोजा बघ."

मोजा अर्धा भरला होता. तसाच थांबला होता. पडत नव्हता, हलत नव्हता. मी मान न वळवता डोळे वर केले. हुकाला लटकलेल्या यंत्राच्या वाट्या स्थिर होत्या आणि बाणाचं टोक माझ्याकडे होतं.

हे मला ओळखीचं होतं. गेली कितीतरी वर्षं मी तोंड उघडलं की माझ्या पाठीमागे असंच व्हायचं. आईची सुई हवेत थांबायची. ताईचा पाय यंत्राच्या पट्टीवर थांबायचा. दाजी खुर्चीची करकर बंद करायचे. मी घाबरलो होतो, हे खरं आहे. पण त्याच्या मागोमाग एक जुनी चीडही आली. इथेसुद्धा?

मला उठून पळता आलं असतं. मग मी पुन्हा दुकानात उभा राहिलो असतो, सगळ्यांच्या मध्ये, आणि हे वाक्य कधीच बोललो नसतो. म्हणून मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणालो, "तुझ्या गावाहून इथे बस येते. तू एकदा येशील का? खरी धावपट्टी दाखवतो. तिच्यावर बकऱ्या असतात. म्हणजे बघण्यासारखं फार काही नाही. पण येशील का?"

मी डोळे उघडले. मोजा अजून तसाच होता, अर्धा भरलेला.

"बकऱ्या किती आहेत?" पतंग म्हणाली.

"मोजल्या नाहीत."

"मग येऊन मोजते. रविवारी चालेल?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी मोजा सुटला. कोणीतरी छातीत कोंडून धरलेला श्वास एकदम सोडावा तसा. पडद्यावर तो ताडकन आडवा झाला आणि बराच वेळ तसाच फडफडत राहिला. वर वाट्या भिरभिरल्या. माझ्या मानेवरचे केस पुढे आले. हवा गरम होती, आणि तिला जुन्या कापसाचा वास होता.

पतंग हसत सुटली. "केवढा तो उसासा! तुझ्या खोलीत कोण आहे रे?"

माझ्या शेजारी नवा फोम हळूच दबला. मी तिकडे बघितलं नाही. नुसतं एक वीतभर सरकून जागा केली.

"कुणी नाही," मी म्हणालो. "घरचंच आहे."